तीन जपानी अक्षरं आणि धुळ्याचा रस्ता

जळगाव ते धुळे या वाटेला आज कुणी प्रवास म्हणणार नाही. रुंद रस्ता झालाय, गाडीत एक डुलकी काढेपर्यंत पारोळा मागे पडतं. तरी परवा एका वाचक मैत्रिणीने विचारलं, इतकी फिरलीस, त्यातला सगळ्यात लांबलचक प्रवास कोणता, तेव्हा माझ्या तोंडून लडाख नाही, केरळ नाही, धुळंच निघालं. तिला वाटलं मी थट्टा करतेय. म्हणून ती हकीकत लिहून टाकते. ज्यांना उन्हाळ्यात खान्देशात उतरायचंय त्यांच्या थोडीफार उपयोगीही पडेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही मेहरूणमध्ये तलावाच्या अंगाला राहत होतो. मी, माझा नवरा शरद आणि सासरे नाना. (आज ब्लॉगवर मी त्याला बिनदिक्कत शरद म्हणते, तेव्हा 'अहो' होतं.) नाना वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर तिथे माल तपासून पास-नापास करायचं काम केल्यामुळे घरातला कुकरसुद्धा ते शिट्टी हलवून बघितल्याशिवाय गॅसवर चढू देत नसत.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी समोरच्या बाबूजींकडे माझ्यासाठी फोन आला. बाबूजी म्हणजे मोत्यांचे व्यापारी, मारवाडी जैन. त्यांचे आजोबा राजस्थानातून इथे आले आणि इथलेच झाले. आमच्याकडे फोन नव्हता, त्यामुळे आमची सगळी बरी-वाईट बातमी आधी त्यांच्या दिवाणखान्यात यायची. फोन धुळ्याहून होता, माझ्या दाजींचा. सुनंदा अक्का, माझी मोठी बहीण, तिला बऱ्याच वर्षांनी पुन्हा दिवस राहिले होते. वार खाली सरकलेली होती आणि डॉक्टरबाईंनी परवा सकाळी सिझेरियन करायचं ठरवलं होतं. रक्त जास्त जाण्याची भीती होती. अक्काचा गट बी निगेटिव्ह, धुळ्याच्या रक्तपेढीत त्या गटाची एकही बाटली नाही, आणि आमच्या सगळ्या घराण्यात तो गट अक्काशिवाय फक्त माझा. उद्या संध्याकाळपर्यंत इथे पोच, वैशाली, एवढंच दाजी म्हणाले, पण त्यांचा आवाज मला आजही आठवतो.

जायचं हे ठरवायला काही वेळ लागला नाही. प्रश्न होता कसं जायचं. आमच्याकडे एक स्कूटर. जळगाव-धुळे थेट रेल्वे नाही, चाळीसगावला गाडी बदलावी लागते. एसटी भरपूर, पण मे महिन्यातली दुपारची एसटी म्हणजे पत्र्याच्या डब्यात बसून भट्टीतून जाणं. बाबूजी शेजारीच बसून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "बस से जाओगी तो आधा खून पसीने में निकल जाएगा, बेटा. गाडी दारात उभीच आहे, घेऊन जा."

ती गाडी अख्ख्या मेहरूणला माहीत होती. बाबूजींचा मुलगा जपानात कोबे शहरात मोत्यांचा धंदा करायचा, त्याने तिकडून पाठवलेली. पांढरी, लांब, आतून गार. बाबूजी ती देवळात जाण्यापुरती बाहेर काढत. आत सगळीकडे जपानी लिपी, माहितीपुस्तकही जपानीच. शरदला गाडी चालवता येत होती, मित्राची अधूनमधून चालवायचा. नाना म्हणाले, परक्याची गाडी आहे, मी बरोबर येतो.

सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं, पण बाबूजींची पूजा झाल्याशिवाय किल्ली मागायची कशी, या संकोचात ऊन चढलं. मी मागच्या सीटवर, नाना पुढे, शरद गाडीवर. मी पोटभर जेवून आणि भरपूर पाणी पिऊन यायचं असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, ते नानांनी फारच मनावर घेतलं. गिरणेच्या पुलापर्यंत पोचेतो त्यांनी मला दोनदा लिंबूसरबत पाजलं.

पूल उतरताना मागचं चाक एका खड्ड्यात जोरात आदळलं. तेव्हाचा तो हमरस्ता म्हणजे जेमतेम दोन ट्रक एकमेकांना घासून जातील एवढा, कडा तुटलेल्या, समोरून ट्रक आला की एक बाजू मातीत उतरवायची. शरदने गाडी सावरली. पाळधी गेली, दोन्ही बाजूंना नांगरून तापत पडलेली काळी रानं सुरू झाली, आणि एरंडोलच्या अलीकडे गाडीच्या तबकडीवर एक पिवळा दिवा लागला. दिव्यात तीन जपानी अक्षरं होती.

नाना म्हणाले, "थांबव."

शरद म्हणाला, गाडी तर व्यवस्थित चाललीय, इंजिनाचा काटा जागेवर आहे, पेट्रोल आहे. नाना म्हणाले, कुणी उगीच दिवा बसवत नाही. दिवा लागला म्हणजे आधी थांबायचं, मग विचार करायचा. शरदने बाभळीच्या विरळ सावलीत गाडी घेतली. बॉनेट उघडून तेल बघितलं, पाणी बघितलं, ब्रेकचं तेल बघितलं. दारं उघडून पुन्हा लावली. गाडी बंद करून सुरू केली. दिवा जरा वेळ गेला, आणि थोडं पुढे गेल्यावर पुन्हा लागला. मला बारीक चक्कर आल्यासारखं वाटत होतं, ते ऊन होतं की भीती, मला कळेना. भीती गाडीची नव्हती. ही गाडी इथेच बंद पडली आणि अक्काला आजच कळा सुरू झाल्या तर काय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

एरंडोलला बसस्थानकाजवळ मी रसवंतीत बसले आणि उसाचा रस प्यायले. तुम्ही त्या वाटेने गेलात आणि हाताशी वेळ असला तर एरंडोलहून पद्मालयाला जाऊन या, तळ्यात कमळं असतात आणि गणपती एका गाभाऱ्यात दोन आहेत. आम्ही त्या दिशेला नुसते हात जोडले. शरदने तेवढ्यात गाडी एका पंक्चरवाल्याकडे नेली. चाकांचंच काही असेल ही शंका नानांची, कारण दिवा खड्ड्यानंतर लागला होता. पंक्चरवाल्याने चारही चाकांना मीटर लावलं. मागचं डावं चाक थोडं कमी होतं, पण फार नाही. त्याने चारी चाकं सारखी भरून दिली आणि म्हणाला, "हवा आते बठ्ठी बरोबर शे, भाऊ. दिवानं माले काही समजस नई." हवा सगळी नीट आहे, दिव्याचं त्याला काही कळत नाही. आणि दिवा तसाच होता.

मी एसटीडी बूथवरून बाबूजींच्या दुकानात फोन लावला. त्यांनाही दिव्याचं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, मी कोबेला फोन लावतो, तुम्ही पारोळ्याला पोचलात की पुन्हा करा. आणि गाडीची काळजी करू नका, गाडी रस्त्यात सोडून दिली तरी चालेल. ही शेवटची गोष्ट त्यांनी मनापासून सांगितली, पण त्यामुळे मला आणखीच धास्ती वाटली.

एरंडोल-पारोळा रस्ता आम्ही बैलगाडीलाही लाज वाटेल इतक्या मंद वेगाने कापला. मी मागून त्या दिव्याकडे बघत होते. दोन सीटांच्या मधून तो बरोबर दिसायचा. नाना मधेच गाडी थांबवायला लावत, उतरत आणि चारी चाकांवर एकेक करून तळहात ठेवत. हवा कमी असलेलं चाक जास्त तापतं, असं त्यांचं म्हणणं. डाव्या बाजूची दोन्ही चाकं जास्त गरम लागली. मग त्यांच्याच लक्षात आलं, की ऊन डावीकडून येतंय. एका कडुनिंबाखाली गाडी उभी करून त्यांनी चाकं निवायची वाट बघितली. शरद बोटं स्टिअरिंगवर वाजवत होता. निवल्यावर हात लावला तर चारी सारखीच. म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही, फक्त वेळ गेला.

त्याच थांब्यावर शरदला स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, एक छोटं बटण सापडलं. त्याच्यावर तीच तीन अक्षरं. नाना बाहेर उभे होते. शरदने बटण दाबलं, काही झालं नाही. मग दाबून धरलं. दिवा तीनदा लुकलुकला आणि विझला. गाडी निघाली, एक मैल गेला, दोन मैल गेले, दिवा लागला नाही. शरदने पहिल्यांदा मोकळा श्वास सोडला आणि मलाही हलकं वाटलं. नाना तेवढे काचेतून बाहेर बघत राहिले. ते म्हणाले, बटण कशाचं हे माहीत नसताना दाबायला नको होतं. शरदने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

पारोळ्याच्या बूथमध्ये काचेचा एवढासा खोका होता आणि आत पंखा नव्हता. मीटरचे लाल आकडे भराभर पळत होते. बाबूजींच्या दुकानात दोन फोन होते. त्यांनी एका फोनवर कोबेला लावून ठेवलं होतं. मुलगा बाहेर गेला होता, फोनवर सून होती, संगीता. तिला जपानी चांगलं वाचता यायचं. पण गाडीत दिवे पुष्कळ, अक्षरं सगळ्यांवर, नेमका कोणता दिवा ते कळल्याशिवाय ती काय सांगणार? मी ती अक्षरं वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर उतरवून आणली होती. आता मी ती बाबूजींना सांगायची आणि बाबूजींनी दुसऱ्या फोनवर सुनेला.

मी म्हटलं, पहिल्या अक्षरात वर घराचं छप्पर आहे, छपरावर धुराडं, खाली दोन पाय, आणि सगळ्यांत खाली लोखंडी गर्डर आडवा कापल्यावर दिसतो तसं. बाबूजी दुसरीकडे सांगत होते, छत है, छत के नीचे गर्डर. दुसऱ्यात तीन आडव्या रेघा, शेवटची उजवीकडे वळून खाली उतरलेली, तिच्या पोटात फुली. तिसरं म्हणजे एका बाजूने उघडा गोठा, आणि आत अधिकचं चिन्ह जमिनीवर रोवल्यासारखं. बाबूजींना गोठ्याला हिंदीत काय म्हणायचं ते चटकन सुचेना. मीटरचे आकडे पळतच होते.

मग बाबूजी म्हणाले, "हवा का दबाव. चाकातल्या हवेचा दिवा आहे तो."

मग संगीताने सांगितलेलं एकेक करून माझ्यापर्यंत आलं. चाकात मीटर वगैरे काही नाही. गाडी चारी चाकांचे फेरे मोजते. एखाद्याची हवा उतरली की ते चाक किंचित लहान होतं आणि बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं, ते गाडीला कळतं आणि दिवा लागतो. हवा नीट भरल्यावर खालचं बटण दाबून धरायचं, म्हणजे गाडी आत्ताची स्थिती बरोबर समजून नव्याने मोजायला लागते. मात्र हवा पक्की बरोबर आहे याची खात्री करूनच बटण दाबायचं. आधी हवा, मग बटण. नाहीतर उतरलेलं चाकसुद्धा ती बरोबर धरून चालते आणि दिवा वेळेवर लागत नाही.

मी बाहेर आले आणि हे सगळं सांगितलं तेव्हा शरदचा चेहरा उतरला. मघापर्यंत जळणारा दिवा आम्हाला घाबरवत होता. आता विझलेल्या दिव्याकडे बघवत नव्हतं. नाना म्हणाले, आता पुन्हा मोजू, आणि यावेळी आकडा बघायचा नाही, फरक बघायचा.

पारोळ्याचे पंक्चरवाले आबा म्हातारे होते. त्यांच्या मीटरवर तीन चाकं एरंडोलपेक्षा दोन पौंड कमी दिसली. आबा म्हणाले मीटर जुनं आहे. पण मागचं डावं सहाने कमी होतं. नानांनी मान हलवली. मीटर खोटं असलं तरी चौघांशी सारखंच खोटं बोलणार. म्हणजे तेच चाक गळत होतं, हळूहळू. आबांनी चाक काढून साबणाचं पाणी मारलं. रबरावर काही नाही, व्हॉल्व्हवर काही नाही. चाक फिरवत फिरवत लोखंडी कडेपाशी आलं तेव्हा बारीक फेस वर आला. गिरणेचा पूल उतरतानाचा तो खड्डा. आबांना आणखी एक धक्का बसला, या टायरात ट्यूबच नव्हती. असा टायर त्यांनी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "रिम वाकेल शे. आठे जमाव नई, धुयाले दखाडा."

वाकलेली रिम इथे जमणार नव्हती, धुळ्याला दाखवायची होती, आणि धुळ्याला पोचायचं होतं त्याच गाडीने. डिकीतलं जादा चाक काढलं तर ते सायकलच्या चाकाहून जरा जाड, पिवळ्या पट्ट्याचं, आणि वर्षानुवर्षं पडून मऊ झालेलं. त्याच्या अंगावर इंग्रजीत साठ पौंड भरा असं उठावाच्या अक्षरात लिहिलं होतं. आबा चाळिशीला थांबले आणि म्हणाले, फुटी जाई. शरदलाही ते पटलं. एवढ्याशा चाकात दुप्पट हवा कशी भरायची? नाना वाकून ती अक्षरं पुन्हा पुन्हा वाचत होते. मग म्हणाले, ज्याने चाक बनवलं त्याने छापलंय, त्याने ते तपासून छापलं असणार, भरा. त्यांनी मला आणि शरदला रस्त्याच्या पलीकडे उभं राहायला लावलं आणि स्वतः मात्र चाकाजवळून हलले नाहीत. कॉम्प्रेसरचा आवाज चढत गेला. मी डोळे मिटून घेतले होते. चाक फुटलं नाही.

ते बारीक चाक लावून निघालो आणि थोड्याच अंतरावर दिवा पुन्हा लागला. लागणारच होता, लहान चाक जास्त फिरणार. म्हणजे आता दिव्याचं कारण माहीत होतं. मी म्हटलं, बरं झालं, आता काळजी नाही. नाना म्हणाले, उलट आहे. आता दुसऱ्या कुठल्या चाकाची हवा गेली तरी दिवा हाच, आपल्याला वेगळं काही कळणार नाही.

मोंढाळ्याच्या पुढे, ऊन अगदी डोक्यावरून उतरणीला लागलेलं, समोरून कापसाच्या गाठी लादलेला ट्रक येत होता. तो आमच्या अगदी जवळ आला आणि धडाम्कन आवाज झाला. माझ्या तोंडून अक्काचं नाव निघालं, एवढं आठवतं. शरदने गाडी मातीत घातली आणि ती धुरळ्यात थांबली. रबराची एक लांब चिंधी आमच्या बॉनेटवर आपटून पलीकडे गेली. फुटलं होतं ते ट्रकचं चाक. तो पुढे जाऊन एका बाजूला कलून उभा राहिला, ड्रायव्हर उतरला, आम्हाला हात केला. नाना खाली उतरले, आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली, आणि मैलाच्या दगडावर बसले. मी त्यांच्यासाठी पेल्यात पाणी ओतलं. मग मी पेला धरला आणि ते प्यायले.

धुळ्यात पांझरेच्या पुलावरून आलो तेव्हा दिवस कलला होता. दवाखान्याच्या दारात दाजी उभेच होते. अक्का ठीक होती, जागी होती, माझी वाट बघत होती. मला लगेच रक्तपेढीत नेलं. तिथल्या बाईंनी नाडी बघितली आणि सुई बाजूला ठेवली. पळत आलात का, असं त्यांनी विचारलं. एवढ्या वेगाच्या नाडीवर त्या रक्त घेणार नव्हत्या. मी पंख्याखाली आडवी पडले. पोचलो आहोत, हे शरीराला समजायलाच तयार नव्हतं. डोळे मिटले की तबकडीवरचा दिवा दिसायचा. शरद शेजारच्या बाकावर बसून होता. बऱ्याच वेळाने बाईंनी पुन्हा मनगट धरलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, काळीभोर जावळ, खणखणीत आवाज. आणि अक्काला रक्त लागलंच नाही. माझी बाटली तशीच फ्रिजमध्ये राहिली. दाजी पेढे आणायला गेले, शरदने टायरवाल्याचा पत्ता काढला, मला वाटलं संपलं सगळं.

दुपारी डॉक्टरबाई अक्काच्या खोलीत आल्या. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून एक बाळंतीण आणली होती, घरीच बाळंत झालेली, रक्त थांबत नव्हतं. तिचा गट बी पॉझिटिव्ह, तिला आमचं रक्त चाललं असतं, आणि पेढीत त्या दिवशी बी गटाचं दुसरं काही नव्हतं. पण बाटली अक्कासाठी राखलेली. अक्काला अजून एक दिवस जपायला हवं, हेही डॉक्टरबाईंनी लपवलं नाही. पुढे गरज पडली तर नाशिकहून मागवावं लागेल.

दाजी म्हणाले, आजचा दिवस जाऊ द्या, उद्या खुशाल द्या. ते वाईट माणूस नाहीत, आदल्या दोन दिवसांत त्यांनी काय भोगलं होतं ते मला दिसत होतं. नाना खिडकीशी उभे होते. तेव्हा अक्का पलंगावरून म्हणाली, "बाटली माझ्या नावाची आहे ना? मग मला विचारा. देऊन टाका तिला."

दाजी व्हरांड्यात निघून गेले. बाटली गेली. त्यानंतर दुसरा दिवस उजाडेपर्यंत आम्ही सगळे आळीपाळीने अक्काच्या चादरीकडे आणि तिच्या ओठांच्या रंगाकडे बघत बसलो. ती मात्र झोपली, बाळाला कुशीत घेऊन.

सकाळी नऊवारी नेसलेली एक म्हातारी आमच्या दाराशी आली आणि जळगावनी ताई कोठे शे, असं विचारू लागली. मी पुढे झाले. तिने माझ्या कोपराच्या आतल्या बाजूची सुईची खूण बघितली, तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमना रगतवर मनी पोर जगनी, माय." माझ्या रक्तावर तिची लेक जगली. मी अक्काकडे बोट दाखवलं. म्हातारी आत गेली आणि अक्काच्या पायाशी बराच वेळ बसून राहिली. दाजींनी स्वतः तिच्यासाठी चहा आणला.

आग्रा रोडवरच्या टायरवाल्याने रिम ठोकून सरळ केली. नानांनी पहाटेच्या गारव्यात, चाकं थंड असताना, चारीत सारखी हवा भरून घेतली, स्वतः दोनदा मोजली, मगच शरदला बटण दाबू दिलं. दिवा तीनदा लुकलुकला आणि विझला. तरी त्यांनी धुळ्याच्या गल्ल्यांमधून गाडीला चांगल्या फेऱ्या मारायला लावल्या, पुन्हा मोजलं, आणि मग म्हणाले, चला. येताना फागण्याच्या पुढे एका ढाब्यावर झणझणीत शेवभाजी, ज्वारीची भाकरी, कांदा आणि ताक असं जेवलो. ताक प्या, मे महिन्यात या रस्त्यावर त्याच्याइतकं कामाचं काही नाही. आणि एक सल्ला, टायरातली हवा सकाळी निघण्याआधी बघा, रस्ता तापल्यावर बघितलेला आकडा फसवा असतो.

बाबूजींना वाकलेल्या रिमचं सांगायची मला भीती वाटत होती. त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. बच्ची हुई ना, असं विचारलं आणि आत हाक मारून मिठाई मागवली. मग कोबेला फोन लावून सुनेला सगळं सांगितलं, शेवटी मलाही दिला. संगीता हसत होती. म्हणाली, अधिकचं चिन्ह जमिनीत रोवलेलं, हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आज गाड्यांमध्ये चारी चाकांचा आकडा समोरच्या पडद्यावर दिसतो. नाना असते तर त्यांनी तो मीटरने पडताळला असता. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अक्काची मुलगी नाशिकला नोकरी करते, तिची स्वतःची गाडी आहे. त्या प्रवासातलं काय राहिलं म्हणाल तर मैलाच्या दगडावर बसलेले नाना, पलंगावरून बोललेली अक्का, आणि परत आल्याच्या दिवशी संध्याकाळी तलावाच्या काठावर झालेलं एक छोटंसं बोलणं.

शरद आणि मी पाय मोकळे करायला गेलो होतो. तीन दिवसांत त्याने बटणाचा विषय काढला नव्हता, मीही काढला नव्हता. पाण्याकडे बघत तो म्हणाला, "मी दिवा का विझवला माहितीये? आरशात तुझं तोंड दिसत होतं. सारखी त्या दिव्याकडेच बघत होतीस, पांढरीफटक पडली होतीस. मला तुझं ते बघणं थांबवायचं होतं."

मी विचारलं, मग थांबलं का?

तो म्हणाला, "दिवा गेल्यावर तू निश्चिंत होऊन माझ्याकडे बघायला लागलीस. ते जास्त अवघड होतं."

मी त्याचा हात धरला. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मेहरूणसारख्या ठिकाणी, चारचौघांत, तो मी पहिल्यांदा धरला. नानांच्या जेवणाची वेळ होईपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.